चिनी वैद्यकातली शरदचर्या: थंड दव, कोरडी हवा आणि खडीसाखरेतली नाशपाती

शेवंती

८ ऑक्टोबरला इथे बीजिंगमध्ये हान-लू लागलं. म्हणजे 'थंड दव'. सूर्याच्या वर्षभराच्या फेरीचे पंधरा-पंधरा अंशांचे २४ टप्पे करून चिनी पंचांगाने प्रत्येकाला नाव दिलंय, त्यातला हा सतरावा. (युनेस्कोने २०१६ मध्ये हे टप्पे सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, पण बीजिंगच्या आज्या काही युनेस्कोची वाट बघत थांबल्या नव्हत्या.) त्याआधी महिनाभर येतं बाय-लू, 'पांढरं दव'. बाय-लूपासून अंग उघडं टाकायचं नाही आणि हान-लूपासून पाय, अशा दोन म्हणी आहेत. त्या इतक्या मुरलेल्या आहेत की या दिवसांत साध्या चपला घालून खाली कचरा टाकायला गेलं तरी ओळखदेख नसलेली एखादी आजी तुमच्या घोट्यांची चौकशी करते.

कोजागरीच्या गप्पांत दोघातिघांनी विचारलं होतं की चिनी लोकांची ऋतुचर्या नक्की असते तरी कशी, म्हणून हा वेगळा धागा. मी वैद्य नाही. बीजिंगमध्ये बरीच वर्षं राहते, शरदातल्या कोरड्या खोकल्यासाठी चिनी औषधांच्या दवाखान्याची पायरी चढते आणि भाषा येते म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावते. भांडवल एवढंच.

यांचा शरद फार लवकर सुरू होतो. ७-८ ऑगस्टला ली-छिउ, म्हणजे शरदारंभ, आणि ७-८ नोव्हेंबरला ली-तुंग, म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. सप्टेंबरातला विषुवदिन हा त्यांच्या लेखी शरदाचा मध्य. साहजिकच ऑगस्टात पंचांग शरद म्हणतं आणि बाहेर अंगाची काहिली होत असते. या उन्हाला 'शरदातला वाघ' म्हणतात. वैद्यकातही त्यामुळे दोन शरद आहेत: आधीचा उष्ण-कोरडा, नंतरचा थंड-कोरडा. औषधं दोन्हींची वेगळी. कोरडेपणा मात्र दोन्हीकडे सारखा, आणि तोच या ऋतूचा मुख्य खलनायक.

का, ते बीजिंगला राहिलं की कळतं. इथला बहुतेक पाऊस जून ते ऑगस्टमध्ये उरकतो. मग वायव्येकडून वारा येतो, आकाश निळंशार होतं, आणि पंधरा दिवसांत ओठ फुटतात, नाकात खपल्या धरतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. १५ नोव्हेंबरला सरकारी हीटिंग सुरू झालं की घरातली उरलीसुरली ओलही जाते. दोन हजार वर्षांपूर्वी हीटिंग नव्हतं, पण हवा हीच होती.

आता शास्त्र. चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ म्हणजे 'हुआंग-ती नेइ-चिंग', पीत सम्राटाचं वैद्यक. त्याच्या 'सू-वन' या भागाचा दुसरा अध्याय पूर्ण ऋतुचर्येवर आहे. शरदाबद्दल तिथे सांगितलंय ते थोडक्यात असं: लवकर निजावं, कोंबड्याबरोबर उठावं, मन शांत ठेवावं, बाहेर धावणारी वृत्ती आत ओढून घ्यावी, फुप्फुसांची हवा स्वच्छ ठेवावी. हे मोडलं तर फुप्फुसांना इजा होते आणि हिवाळ्यात न पचलेल्या अन्नाचे जुलाब लागतात. गंमत म्हणजे वसंतात आणि ग्रीष्मात तोच ग्रंथ उशिरा झोपायला सांगतो आणि हिवाळ्यात ऊन आल्याशिवाय उठू नका म्हणतो. 'लवकर निजे लवकर उठे' आपल्याकडे बारमाही, यांच्याकडे फक्त शरदात.

फुप्फुसंच का? कारण चिनी पंचतत्त्वांच्या (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) कोष्टकात शरद येतो धातूच्या घरात. त्याच घरात फुप्फुस, मोठं आतडं, त्वचा, नाक, पांढरा रंग, तिखट चव आणि दुःख ही भावना. फुप्फुस हा यांच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक अवयव: ओल आवडते, कोरडं सोसत नाही. त्याची जोडी मोठ्या आतड्याशी, म्हणून कोरडा खोकला आणि बद्धकोष्ठ एकाच खात्यात जमा. 'तिखट कमी, आंबट जास्त' हा आहाराचा नियमही याच कोष्टकातून येतो. तिखटाने घाम फुटतो, ओल बाहेर जाते. आंबट आत ओढून धरतं. म्हणून मुळा, लसूण, मिरची, आलं यांवर हात आखडता. द्राक्षं, डाळिंब, सफरचंद, हॉथॉर्नची लाल आंबट फळं यांना मोकळीक.

प्रत्यक्ष दिनचर्येत माझ्या आजूबाजूला काय दिसतं ते सांगते. सकाळी बागेत पा-तुआन-चिन करणारे घोळके. हा आठ हालचालींचा सावकाश व्यायाम; त्यातली दुसरी हालचाल धनुष्य ताणल्यासारखी, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, ती छाती मोकळी करायला चांगली म्हणतात. घामाघूम व्हायचं नाही, अंगात ऊब आली की पुरे. तोंड धुवायला गार पाणी सुरू करायचं ते शरदातच, म्हणजे हिवाळ्यात नाक कुरकुरत नाही. नाकपुड्यांच्या बाजूला बोटांनी चोळायचं. रात्री पाय कोमट पाण्यात.

कपड्यांचा नियम मला सगळ्यांत आवडतो: वसंतात गुंडाळून घ्या, शरदात जरा गारठू द्या. पहिल्या गार झुळकीला कपाट रिकामं करायचं नाही, अंगाला थंडीची सवय हळूहळू लागू द्यायची. पण मान, पोट आणि पावलं याला अपवाद. म्हातारी माणसं आणि लहान मुलंही. म्हणजे पातळ जाकीट चालेल, पण मोजे हवेतच.

आणि खाणं. इथे माझा हात थांबणार नाही, तेव्हा पुढच्या प्रतिसादात.

खडीसाखर

ताई, मस्त लिहिलंय. खाण्याचं लवकर लिहा. शाकाहारी लोकांसाठी काही असेल का? आणि पुण्यात मिळेल असं काही?

शेवंती

@खडीसाखर, भरपूर आहे.

राणी म्हणजे नाशपाती. चिनी वैद्यकात ती थंड आणि ओल देणारी, थेट फुप्फुसांत जाणारी. पण कच्ची नाशपाती सगळ्यांना नाही. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी शिजवून खायची, शिजवल्यावर तिची थंडी उतरते. घरोघरी चालणारी रीत अशी: देठाकडून टोपी कापायची, मधला बियांचा भाग कोरून काढायचा, आत खडीसाखर, चार-पाच गोजी बेरी, हवं तर एखादा लाल खजूर (आपला खजूर नव्हे, बोरासारखं सुकं फळ). टोपी परत लावून वाटीत ठेवायची आणि अर्धा-पाऊण तास वाफवायची. वाटीत जो रस उतरतो तो प्यायचा, फळ चमच्याने खायचं.

याचंच घट्ट रूप म्हणजे छिउ-ली-काओ, बीजिंगची खासियत. किसलेल्या नाशपातीचा रस, आलं, लाल खजूर आणि खडीसाखर तासन् तास आटवून काकवीसारखं करतात. मध मात्र निवल्यावरच. चमचाभर कोमट पाण्यात घालून प्यायचं. थांग घराण्यातल्या एका आजारी सम्राटाला कुणा ताओवादी साधूने दिल्याची आख्यायिका बाटलीवर छापलेली असते. खरं-खोटं ते साधूच जाणे.

दुसरं, यिन-अर. पांढरी, फुलासारखी दिसणारी, सुकवलेली बुरशी (नाक मुरडू नका, आपण मशरूम खातोच). फूच्येन प्रांतातलं कू-थ्येन हे तिचं माहेर. तास-दीड तास भिजवायची, खालचा पिवळा कडक भाग कापून टाकायचा, बारीक तोडायची आणि मंद आचेवर पाणी बुळबुळीत होईपर्यंत शिजवायची. तो बुळबुळीतपणाच हवा असतो. त्यात कमळाच्या बिया, लान-चौची गोडसर लिलीच्या कांद्याची पाकळी, खडीसाखर. हे सगळं पांढरं, आणि शरदाचा रंग पांढरा, हा योगायोग नाही, कोष्टकच तसं आहे.

पुण्यात: नाशपाती मिळतेच. कमळकाकडी मिळते, तिची शरदातली काढणी इथे फार मानाची. शिंगाडा चीनच्या दक्षिणेकडच्या तळ्यांत शरदातच निघतो आणि उकडून खातात. मखाना तर आहेच! पूर्व चीनमधल्या सू-चौला सप्टेंबरात त्याच्या ताज्या, ओल्या बिया सोलून गोड पाण्यात उकळतात. लाह्या फोडत नाहीत. आणि तीळ: युआन दरबाराचा आहारतज्ज्ञ हू सि-हुई याने १३३० साली लिहून ठेवलंय की शरद कोरडा, म्हणून तीळ खावेत.

एक म्हणही ऐका: सकाळी मीठ-पाणी, रात्री मध-पाणी. मिठाचं मी करत नाही, आमच्याकडे रक्तदाबाची परंपरा आहे.

गवतीचहा

छान आहे सगळं, पण मी विरारला राहते. आज पंख्याखाली बसून घाम पुसत हे वाचतेय. माझं फुप्फुस कोरडं कसं काय असेल? इथे कपडे वाळत नाहीत.

निमवैद्य

@गवतीचहा, तुमचा प्रश्न कळीचा आहे. 'निम' हे नम्रतेपोटी, आयुर्वेदाची रीतसर पदवी आहे आणि नाशिकला दवाखाना चालतो, म्हणून बोलतो.

आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पावसाळ्यात शरीर गारव्याला सरावलेलं असतं, पित्त साठत असतं, आणि ढग हटून एकदम कडक ऊन पडलं की ते उसळतं. आपण ज्याला ऑक्टोबर हीट म्हणतो तेच. तोंड येणं, आम्लपित्त, अंगावर पित्त उठणं, डोळ्यांची आग हे सगळं या दिवसांत रांगेने दवाखान्यात येतं. 'वैद्यानां शारदी माता' उगाच म्हटलेलं नाही. त्यामुळे आपली शरदचर्या कोरडेपणाविरुद्ध नाही, पित्ताविरुद्ध आहे. कडू, गोड, तुरट चवी, जुना तांदूळ, मूग, पडवळ, आवळा, कडू औषधांनी सिद्ध केलेलं तूप, विरेचन, दिवसा उन्हाने तापलेलं आणि रात्री चांदण्यात निवलेलं पाणी, ज्याला हंसोदक म्हणतात, संध्याकाळी चांदण्यात बसणं. वर्ज्य काय? दही, तेल, क्षार, दिवसाची झोप, पोट फुटेस्तोवर जेवण.

आता मतभेद पाहा. शेवंतीताई म्हणतात शरदात आंबट वाढवा. मी माझ्या रुग्णाला याच महिन्यात आंबट बंद करायला सांगतो, कारण आंबटाने पित्त वाढतं. तिखटावर मात्र दोघांचं एकमत, कारणं वेगळी असली तरी.

दोघांपैकी एक चूक असं मला वाटत नाही. बीजिंगचा ऑक्टोबर आमच्या भाषेत रूक्ष आणि शीत, म्हणजे वाताचा काळ. आपल्याकडे तशी हवा येते ती डिसेंबर-जानेवारीत, तीही देशावर आणि विदर्भात. टाचा फुटतात, त्वचा पांढरी पडते, ओठांना तूप लावावं लागतं. तेव्हा आपणही आंबट, गोड, खारट आणि स्निग्ध द्यायला सांगतो. अभ्यंग सांगतो, तीळ-गूळ सांगतो. म्हणजे महिन्याचं नाव पुसलं आणि हवा पाहिली तर दोन्ही शास्त्रं बरीच जवळ येतात. ताईंची नाशपाती नागपूरकरांनी जानेवारीत वाफवावी. विरारकरांनी आत्ता आवळा खावा आणि रात्री गच्चीवर बसावं.

शेवंती

@निमवैद्य, हे फार नेमकं मांडलंत. मला हेच म्हणायचं होतं आणि शास्त्र येत नसल्यामुळे जमत नव्हतं. इथले डॉक्टरही आधी विचारतात, मूळची कुठली, घरी काय खातेस, घाम किती येतो. ऋतूचा नियम सगळ्यांना एक, पण लिहून दिलेलं औषध शेजारणीचं वेगळं आणि माझं वेगळं. पुस्तकी कोष्टक वाचून कोणी मुंबईत ऑगस्टपासून तिखट बंद करू नये.

कोजागरीवरून आठवलं, इथला मध्यशरदाचा चंद्रोत्सव आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला असतो आणि बहुतेक वेळा कोजागरीच्या महिनाभर आधी पडतो. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना आल्याने दोन्ही ६ ऑक्टोबरलाच आले. आम्ही एका ताटात मूनकेक आणि एका पातेल्यात केशरी दूध ठेवलं. आंबट-गोड-थंड-उष्ण सगळे नियम त्या रात्री रजेवर होते.

दक्षिणवारा

शेवंतीताईंचं सगळं उत्तरेकडचं आहे. मी व्यापारानिमित्त क्वांगचौला राहिलो, तिकडची तऱ्हा निराळी. तिकडे बर्फ नाही, पण ऑक्टोबरात उत्तरेचा वारा सुटला की दमट हवा एकदम कोरडी होते आणि प्रत्येक घरात मातीच्या भांड्यात सूप रटरटायला लागतं. दोन-तीन तास. उत्तरेत लोक ली-छिउला मांस चापून उन्हाळ्यात उतरलेलं वजन भरून काढतात, 'शरदाची चरबी चिकटवणं' म्हणतात त्याला. दक्षिणेत हा प्रकार फारसा नाही, तिथे भरवसा सूपवर.

शाकाहारी मंडळींनी पुढचं वाक्य सोडून द्यावं. सगळ्यांत प्रसिद्ध शरदी सूप म्हणजे नाशपाती आणि डुकराचं फुप्फुस. फुप्फुसासाठी फुप्फुस. ते नळाला लावून पाण्याने फुगवून-पिळून पांढरं होईपर्यंत धुतात. मी एकदा बघितलं आणि नंतर फक्त नाशपाती खाल्ली.

शाकाहारी पर्यायही आहेत. उसाचे तुकडे, गाजर आणि एका गवताच्या गोडसर मुळ्या एकत्र उकळून केलेलं पेय रस्त्यावर मिळतं. लुओ-हान-कुओ नावाचं तपकिरी, वाळलेलं, साखरेविना गोड लागणारं फळ फोडून गरम पाण्यात टाकतात. घसा बसलेल्या मास्तरांचं आणि गवयांचं ते आवडतं. शिवाय कोपऱ्याकोपऱ्यावर काढ्याची दुकानं. पेला उचलायचा, एका दमात संपवायचा, तोंड वाकडं करायचं, पुढे जायचं. इतकं कडू की आपला चिराईत त्यापुढे सरबत.

चिकित्सक

छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, आधुनिक वैद्यकाचा. रसभंग करतो, पण सगळाच नाही.

जे पटतं ते आधी. कोरड्या हवेत नाका-घशातला ओला थर सुकतो, त्यातले केसासारखे तंतू धूळ-जंतू बाहेर ढकलायचं काम नीट करू शकत नाहीत. फ्लूचे विषाणूही कोरड्या थंड हवेत जास्त टिकतात. तेव्हा 'कोरडेपणा फुप्फुसांना त्रास देतो' हे निरीक्षण बरोबर आहे. मधाने मुलांच्या खोकल्याला काही न देण्यापेक्षा जास्त आराम पडतो, हे चाचण्यांमधून दिसलंय. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही नाही. बोट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो. नाशपातीत सॉर्बिटॉल नावाची साखर असते, ती आतड्यात पाणी ओढते. म्हणून बद्धकोष्ठाला उपयोगी, आणि म्हणूनच नाजूक पोटाला बाधते. 'थंड' हा शब्द मी वापरणार नाही, पण निरीक्षणाला नावं ठेवणार नाही.

आता जे पटत नाही. फुप्फुस-धातू-पांढरा-दुःख हे कोष्टक सुंदर आहे, पण पांढरं आहे म्हणून एखादा पदार्थ फुप्फुसाला चांगला, याला आधार नाही. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, वजन उतरलं, कफात रक्त दिसलं, दम लागला, तर नाशपाती वाफवत बसू नका. आपल्या देशात क्षयरोग आहे. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे आधी.

काही धोके कोणी लिहिले नाहीत म्हणून लिहितो. सुकी बुरशी, पांढरी असो वा काळी, दोन-दोन दिवस भिजत ठेवू नका. त्यात एक जिवाणू वाढून बोंगक्रेकिक आम्ल तयार करतो. ते उकळूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनच्या ईशान्येकडे एका कुटुंबाने वर्षभर ठेवलेल्या आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या शेवया खाल्ल्या; त्यात याच विषाने नऊ माणसं गेली. तास-दोन तास भिजवा, लगेच शिजवा, उरलेली टाका.

क्वांगचौच्या सूपांत जर्दाळूच्या कडू बिया घालतात. कच्च्या खाल्ल्यास त्यातून सायनाइड तयार होतं. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या, चिठ्ठी नसलेल्या 'फुप्फुस शुद्धी' काढ्यांपासून लांब राहा. ॲरिस्टोलोकिया वनस्पतीचं फळ चिनी वैद्यकात शतकानुशतके खोकल्यावर दिलं जायचं. त्यातल्या आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात आणि कर्करोग होतो हे सिद्ध झालंय. २०२० च्या चिनी औषधकोशातून ते काढून टाकलं.

मधुमेहींनी छिउ-ली-काओ म्हणजे औषध असं समजू नये. ती साखर आहे. त्यांनी गरम पाण्यात पाय बुडवतानाही जपावं. पावलांची संवेदना कमी झालेली असली तर भाजलेलं कळत नाही. आधी कोपराने पाणी बघा.

खडीसाखर

बापरे. मी काल रात्रीच ऑनलाइन मागवलेली बुरशी भिजत घालणार होते. नाव वाचून कोणी माझ्या मधुमेहाची चौकशी करू नये, नाही आहे.

निमवैद्य

@चिकित्सक, ॲरिस्टोलोकियाचं लिहिलंत ते बरं झालं. आपल्याकडची ईश्वरी ही त्याच कुळातली. वंशपरंपरागत म्हणून निर्धोक, असं आम्हीही समजू नये.

उंबरठा

मी स्वीडनला असते. मला खाण्यापेक्षा ते 'दुःख' जास्त भिडलं. इथे ऑक्टोबर संपता संपता दुपारी चारला अंधार होतो आणि माझं मन अक्षरशः खाली बसतं. चिनी वैद्यक याबद्दल काय सांगतं? नुसतं 'शांत राहा' असेल तर नको.

शेवंती

@उंबरठा, नुसतं तेवढं नाही. इथली समजूत अशी की शरदात झाड जसं रस मुळाकडे ओढतं तशी माणसाची वृत्तीही आत वळते. उदास वाटणं हा ऋतूचा भाग आहे, तुमचा दोष नाही. पण आत वळायचं म्हणजे घरात कोंडून घ्यायचं नाही. उलट या दिवसांत उंचावर चढायची रीत आहे. नवव्या महिन्याच्या नवमीला, म्हणजे छुंग-यांगला (२०२५ मध्ये २९ ऑक्टोबर), लोक डोंगर चढतात, शेवंतीची फुलं घातलेली दारू किंवा चहा पितात, आणि हल्ली तो ज्येष्ठांचा दिवस म्हणूनही पाळतात. बीजिंगच्या श्यांग-शान टेकडीवर लाल पानं बघायला इतकी गर्दी होते की चढ कमी आणि रांग जास्त. आमच्या इमारतीतले सत्तरी पार केलेले लोक सकाळच्या उन्हात पाठ करून बाकांवर बसतात. पाठीवर ऊन घेणं हा इथे रीतसर उपचार मानतात. लवकर उठण्याचा सल्लाही मला यासाठीच पटतो, जितका आहे तितका उजेड पदरात पडतो.

चिकित्सक

@उंबरठा, स्वीडनमध्ये दर हिवाळ्यात असं होत असेल तर ते ऋतुमानानुसार येणारं नैराश्य असू शकतं. सकाळचा उजेड, गरज पडली तर तीव्र प्रकाशाचा दिवा, आणि तिथल्या डॉक्टरांशी बोलणं. शेवंतीताईंचं उन्हात बसणं इथे मी आनंदाने लिहून देईन. चहाही घ्या, फक्त शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर नको.

उंबरठा

दोघांचे आभार. दिवा आहे, माळ्यावर पडलाय. काढते.

मांडवीकाठ

गोव्यातून. मी मघापासून वाट बघतोय, खेकड्यांचं कोणीच कसं लिहीत नाही? चीनमध्ये शरद म्हणजे खेकडे ना? आणि ते म्हणे 'थंड'! आमच्याकडे खेकडा उष्ण. सर्दी झाली की आई कुर्ल्यांचा झणझणीत रस्सा पाजते, नाक तिथल्या तिथे मोकळं.

दक्षिणवारा

@मांडवीकाठ, तुमचा खेकडा समुद्राचा किंवा खाडीचा, वर त्यात मिरी, लाल मिरची, लसूण. नाक मसाल्याने मोकळं होतं हो. शरदात तिकडे जो खातात तो नदी-तळ्यातला, पायांवर केस असलेला. सू-चौजवळच्या यांग-छंग तळ्याचा सगळ्यांत नावाजलेला. नुसता वाफवतात, मसाला शून्य. तो 'थंड' म्हणून वाफवताना शिसो नावाची सुगंधी पानं, बुडवायला काळं व्हिनेगर आणि किसलेलं आलं, बरोबर तांदळाची गरम पिवळी दारू, आणि शेवटी आल्याचा चहा. शरदात आलं कमी खा म्हणणारे लोक खेकड्यासमोर तो नियम खुंटीला टांगतात. नवव्या चांद्र महिन्यात गोल पोटाची मादी, दहाव्यात टोकदार पोटाचा नर, कारण तेव्हा अनुक्रमे अंडी आणि चरबी भरलेली असते.

मांडवीकाठ

तसं बघायचं तर तिसळ्यांनाही आमच्याकडे उष्ण म्हणतात. चिनी लोकांना कळवा.

निमवैद्य

आयुर्वेदात जलचर प्राण्यांचं मांस सामान्यतः उष्णच मानलंय. इथे चिनी वैद्यांशी आमचं जमायचं नाही.

शेवंती

खेकड्यांबरोबर पर्सिमन खायचं नाही हेही इथलं एक ठाम पथ्य. हिमाचलातून आपल्याकडे 'जापानी फळ' म्हणून येतं तेच. दोन्ही एकाच मोसमात बाजारात येतात, म्हणून दर वर्षी फळवाला आपणहून बजावतो.

चिकित्सक

पर्सिमनला जपायला खरं कारण आहे. त्यातल्या तुरट टॅनिनमुळे पोटात दगडासारखा गोळा होऊ शकतो, विशेषतः कच्चं फळ रिकाम्या पोटी भरपूर खाल्लं तर. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि जुन्या मधुमेहींनी जास्त सांभाळावं. पिकलेलं, साल काढून, जेवणानंतर एखादं खायला हरकत नाही.

गवतीचहा

मग विरारकरांसाठी फायनल काय? आवळा, गच्ची, आणि नाशपाती जानेवारीत नागपूरच्या नणंदेकडे गेल्यावर?

निमवैद्य

हो. आणि या महिन्यात दही नको, चिडचिडही नको. नणंदेकडे जाताना तिळाचं तेल घेऊन जा, टाचांना लागेल.